इमारतीतला इव्हॅक्युएशन प्लॅन: समोर उभ्या माणसाला कळेल असा कसा काढायचा?

पट्टी_पेन्सिल (धागाकर्ता)

मुंबईतल्या बऱ्याच उंच इमारतींमध्ये लिफ्टशेजारी आता इव्हॅक्युएशन प्लॅन, म्हणजे आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटांचे नकाशे, लावलेले दिसतात. चांगलंच आहे. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे, त्यामुळे अशी पाटी दिसली की थांबून वाचतो. पण बहुतेक पाट्यांपुढे उभं राहून जिना कुठल्या बाजूला आहे हे मला चटकन सांगता येत नाही. दिवसभर प्लॅन काढणाऱ्याची ही गत, तर पहिल्यांदाच पार्सल घेऊन आलेल्या मुलाला काय कळणार?

बहुतेक ठिकाणी होतं असं. महापालिकेने मंजूर केलेल्या प्लॅनची पीडीएफ कुठून तरी मिळवतात, तिच्यावर चार हिरवे बाण टाकतात आणि सनबोर्डवर छापून चिकटवतात. मंजुरीचा प्लॅन बांधकामासाठी असतो. त्यात कॉलमची मापं, दारं-खिडक्यांचे क्रमांक, डक्ट, संडासातली भांडी, सेक्शनच्या रेषा असं सगळं असतं. जीव घेऊन बाहेर पडणाऱ्याला त्यातलं काही नको. मी कुठे उभा आहे, जवळचा जिना कुठे आहे आणि तो धुराने भरला असेल तर दुसरा कुठे आहे, एवढं त्याला दिसलं पाहिजे. म्हणून पहिलं काम खोडरबराचं. फ्लॅटच्या आतलं सगळं पुसा, फक्त बाहेरची भिंत आणि मुख्य दार ठेवा. पॅसेज आणि जिने मात्र ठळक.

माझा खरा आग्रह दिशेबद्दल आहे. आपल्याकडे सवयीने उत्तर दिशा वर धरून प्लॅन छापतात. पाटीसमोरच्या माणसाला उत्तरेशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या समोर जे आहे ते नकाशात वर हवं, डाव्या हाताला जे आहे ते डावीकडे हवं. मार्व्हिन लेव्हिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये 'तुम्ही इथे आहात' प्रकारच्या नकाशांवर शोधनिबंध लिहिला. पुढे १९८४ मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर प्रयोग करून दाखवलं की फिरवून लावलेला नकाशा पाहून माणसं चक्क चुकीच्या दिशेला चालू लागतात. अशा नकाशांसाठी आयएसओ २३६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तेही हेच सांगतं की नकाशा बघणाऱ्याच्या दिशेने लावलेला हवा.

म्हणजे एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन पाट्या असतील, तर त्या दोन वेगळ्या पाट्या आहेत. एक फाइल, दहा प्रिंट, हे इथे चालत नाही. आणि मुंबईत याच्या जोडीला विंगांचा गोंधळ असतो. ए विंग आणि बी विंग बऱ्याचदा आरशातल्या प्रतिमेसारख्या बांधलेल्या असतात. ए विंगचा प्लॅन बी विंगमध्ये लावला की डावा जिना उजवा होतो. हे मी एकाहून अधिक सोसायट्यांत डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि तिथे पाटी नसती तर बरं झालं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

तुमच्या इमारतीत काय लावलंय? फोटो टाकलात तर बघून सांगेन. फ्लॅट नंबर, नावं वगैरे झाकून टाका.

सेक्रेटरी_बी_विंग

धागा चांगला आहे, पण सेक्रेटरीच्या खुर्चीतून बघा. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची, राहणाऱ्यांची, म्हणजे शेवटी कमिटीची. पंप, होज रील, अलार्म, सिलिंडर रिफिलिंग यातच बजेट संपतं. एजन्सी पॅकेजमध्ये पाट्या देते, आम्ही लावतो. आता प्रत्येक भिंतीला वेगळा नकाशा म्हटलं तर एजीएममध्ये (वार्षिक सभेत) पहिला प्रश्न येईल: आग लागल्यावर नकाशा वाचत कोण उभं राहणार आहे?

पट्टी_पेन्सिल

सेक्रेटरी साहेब, प्रश्न रास्त आहे. आग लागल्यावर कोणी वाचत नाही हे खरंच आहे.

१९७३ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावर समरलँड नावाच्या करमणूक केंद्राला मोठी आग लागली, ५० माणसं गेली. जोनाथन साइम या अभ्यासकाने तिथून वाचलेल्या लोकांच्या हालचाली तपासल्या आणि १९८५ मध्ये निष्कर्ष मांडला. माणूस जवळच्या दाराकडे धावेलच असं नाही. तो ओळखीच्या वाटेकडे जातो आणि आपल्या माणसांकडे जातो. आता आपल्या टॉवरमध्ये ओळखीची वाट कोणती? लिफ्ट. दहाव्या मजल्यावर वर्षानुवर्षं राहणाऱ्या कित्येकांनी दुसऱ्या जिन्याचं दार एकदाही उघडलेलं नसतं.

म्हणून ही पाटी आगीच्या दिवसासाठी नसून त्याआधीच्या सगळ्या दिवसांसाठी आहे. लिफ्टची वाट बघताना माणूस मोकळाच असतो. रोज नजर जाऊन दुसरा जिना ओळखीचा व्हावा, एवढंच काम. तेही फक्त स्वच्छ, मोठा, बरोबर फिरवलेला नकाशाच करू शकतो, कारण गिचमिड पाटीवर रिकामी नजरसुद्धा टिकत नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या भाग ४ मध्ये उंच इमारतींसाठी जी मार्गदर्शक सूचना आहे तीही लिफ्टच्या जागेवरच भर देते. आगीच्या वेळी जिना वापरा अशी पाटी लिफ्टच्या बटणाच्या थेट वर लावायची, वरची कड जमिनीपासून २ मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही. पांढऱ्यावर लाल अक्षरं, किमान १२.५ मिमी उंच. पाटीतच जिन्यांचा नकाशा असेल तर आकार किमान २५० बाय ३०० मिमी. आणि प्रत्येक जिन्याला अक्षर द्यायचं, जिना ए, जिना बी असं. खर्च काहीच नाही, पण वॉचमन इंटरकॉमवर "बी जिन्याने उतरा" म्हणू शकतो, आणि ते सगळ्यांना एकसारखं कळतं.

लालबागची_पोर

दादा, हे सगळं टॉवरवाल्यांचं झालं. आमच्या चाळीत चार मजले, एक लाकडी जिना आणि समोर गॅलरी. दुसरा जिना होता तो संडासाच्या बाजूचा, त्याच्या तोंडावर आता कोणाचं तरी कपाट आणि पाण्याचे ड्रम. आमच्यासाठी नकाशात काढायचं तरी काय?

बंबवाला

नमस्कार. मी मुंबई अग्निशमन दलात नोकरी करून निवृत्त झालो. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

लालबागच्या ताईंनी नेमकं दुखणं सांगितलं. नकाशा काढायला बसलात की पहिल्यांदा इमारत चालून बघावी लागते, आणि तिथेच अर्धं काम होतं. कपाट आहे तोवर तो जिना नकाशावर दाखवू नका. दाखवायचा असेल तर आधी कपाट हलवा. बाणाच्या भरवशावर माणूस तिकडे गेला आणि वाट बंद निघाली तर त्याला परत फिरायला वेळ नसतो, आणि मागे धूर आलेला असतो. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईतल्या कमला मिलच्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच वॉशरूममध्ये सापडले. बाहेर पडायची वाट मिळाली नाही की माणूस दार लावून घेता येईल अशा जागेत शिरतो.

बहुतेक माणसं ज्वाळांनी मरत नाहीत, धुराने मरतात. धूर वर चढतो आणि उघडा जिना मिळाला की त्यातूनच चढतो. ६ ऑक्टोबर २०२३ ची गोरेगावची आग आठवा. खाली पार्किंगमध्ये पहाटे आग लागली आणि वर झोपलेल्या घरांपर्यंत धूर पोचला, ७ माणसं गेली. म्हणून जिन्याच्या फायर डोअरला कुंडी, सायकल, चपलांचा स्टँड लावून ते उघडं ठेवू नये. ते दार आपोआप बंद होण्यासाठीच बसवलेलं असतं. नकाशावर दाराशेजारी 'हे दार बंद ठेवा' एवढं लिहाच.

आणखी एक, जे मी पाट्यांवर क्वचितच पाहिलं. दार उघडल्यावर पॅसेजमध्येच दाट धूर दिसला तर काय करायचं? धुरात घुसू नका. घरात परत जा, दार लावा, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीशी या, १०१ ला फोन करून विंग, मजला आणि फ्लॅट नंबर सांगा. आमच्या माणसाला ही माहिती मिळाली तर तो थेट तुमच्या दाराशी येतो. हे दोन ओळींत पाटीच्या खाली बसतं.

चौथा_मजला_डावीकडे

बंबवाला काका, तुमचा प्रतिसाद आमच्या ग्रुपवर पाठवते आहे.

माझे बाबा व्हीलचेअरवर आहेत, आम्ही आता कांदिवलीला एकविसाव्या मजल्यावर राहतो. पाटीवर बाण जिन्याकडे जातो आणि तिथे संपतो. त्या बाणाचं बाबांनी काय करायचं? रेफ्युज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी सुरक्षित थांबायची राखीव जागा, आमच्या वर आहे की खाली, किती मजल्यांवर, हे मला राहायला आल्यानंतर बऱ्याच काळाने वॉचमनकडून कळलं. पाटीवर कुठेच नाही.

पट्टी_पेन्सिल

ताई, हा मुद्दा मी मूळ लेखातच लिहायला हवा इतका मोलाचा आहे.

मजल्याचा प्लॅन सपाट असतो. वर जायचं की खाली, हे त्यात दिसतच नाही. उंच इमारतीसाठी प्लॅनच्या कडेला इमारतीचा एक उभा छेद काढावा. बारीक, दोन बोटं रुंद पुरे. त्यात सगळे मजले आडव्या रेषांनी, तुमचा मजला भरीव, रेफ्युज मजले हिरव्या पट्टीने आणि तळाला रस्ता. बघणाऱ्याला एका नजरेत कळतं की आपण एकविसाव्यावर आहोत, जवळचा रेफ्युज दोन मजले खाली आहे. तुमच्या बाबांसारख्यांसाठी आपल्याच मजल्यावर, जिन्याच्या दाराआत थांबण्याची जागा असेल तर तीही नकाशावर हवी आणि तिथे कोण मदतीला येणार हे सोसायटीने आधी ठरवलेलं हवं. २००५ च्या राष्ट्रीय संहितेत २४ मीटरच्या वर पहिला रेफ्युज आणि पुढे दर १५ मीटरला एक, माणशी ०.३ चौरस मीटर, असा हिशेब होता. मुंबईत इमारत कुठल्या साली, कुठल्या नियमावलीत मंजूर झाली त्यावर मजले बदलतात. म्हणून शेजारच्या टॉवरवरून अंदाज न बांधता आपल्याच मंजूर प्लॅनमधून घ्या.

उभ्या छेदाचा दुसरा फायदा पोडियमच्या इमारतींत होतो. पी१ ते पी५ पार्किंग, त्यावर गार्डन, मग 'पहिला मजला'. माणसाला वाटतं आपण तिसऱ्यावर आहोत, प्रत्यक्षात नऊ मजले उतरायचे असतात. काही ठिकाणी एक जिना थेट रस्त्यापर्यंत येतो आणि दुसरा पोडियमवर सोडतो. पोडियमवरून गेटपर्यंतची वाट वेगळी. ती छेदात दाखवली नाही तर माणसं पोडियमवर येऊन गाड्यांमध्ये घुटमळतात.

गच्चीचं_कुलूप

सगळं ठीक, पण गच्चीचं काय? आमच्या पाटीवर एक बाण वर गच्चीकडे दाखवलाय आणि गच्चीला बारमाही कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी ऑफिसात. कमिटी म्हणते पोरं वर जाऊन पार्ट्या करतात, पाण्याच्या टाकीची सुरक्षितता आहे, शिवाय कोणी उडी मारली तर जबाबदार कोण. मी दर एजीएमला हा विषय काढतो आणि दरवेळी तो 'इतर विषय' मध्ये जातो.

सेक्रेटरी_बी_विंग

कुलपाची कारणं खोटी नाहीत. आमच्याकडे गच्चीवरून कुंडी खाली पडली होती, नशिबाने कोणाला लागली नाही. उघडी गच्ची रोजचा धोका, आग कधीतरी. कमिटीने काय निवडायचं?

गच्चीचं_कुलूप

२२ जुलै २०१९ ला वांद्र्याच्या एमटीएनएलच्या इमारतीत आग लागली तेव्हा ८० हून अधिक माणसं शिडीने सुखरूप खाली आली, त्यातली बहुतेक गच्चीवर जमली होती. त्यांच्या गच्चीला कुलूप असतं तर?

बंबवाला

दोघंही बरोबर बोलताय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. वांद्र्याला गच्चीने माणसं वाचवली हे खरं. ती इमारत नऊ मजली होती, शिडी पोचत होती आणि गाडी उभी करायला जागा होती. आमच्या दलाकडे ९० मीटरची शिडी आहे, पण ती गाडी गल्लीत शिरली पाहिजे, पाय पसरून उभी राहिली पाहिजे. दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांमध्ये तो प्रश्न रोजचा आहे.

उंच टॉवरमध्ये माझं मत असं: नकाशाचा मुख्य बाण खालीच. जिना स्वच्छ असेल तर उतरा, रस्त्यावर या. खालून धूर येत असेल तर रेफ्युज मजला, नाहीतर बंद दाराआड आपलं घर. गच्ची ही जुन्या, कमी उंचीच्या, एका जिन्याच्या इमारतींत जास्त उपयोगी. तिथे मात्र कुलपाऐवजी आतून उघडणारी कडी हवी, काच फोडून किल्ली घेण्याची पेटी हवी, किंवा अलार्म वाजला की सुटणारं लॉक. आणि जोवर यातलं काही होत नाही तोवर गच्चीकडचा बाण पाटीवरून काढून टाका. कुलपाकडे नेणारा बाण मला अजिबात मान्य नाही.

गच्चीचं_कुलूप

बाण काढला की कमिटी म्हणेल प्रश्न मिटला. माझा विरोध आहे. बाण ठेवा, कुलूप काढा.

बंबवाला

तुमचा हेतू कळतो. पण कुलूप निघायला सहा महिने लागले तर त्या सहा महिन्यांतली आग कोणाच्या बाणावर?

हिरवी_पाटी

मी ग्राफिक डिझाइन शिकवते. रंगांबद्दल थोडं.

हिरव्या पाटीवर दारातून पळणारा माणूस आपण सगळ्यांनी रेल्वे स्टेशनवर, मॉलमध्ये पाहिलाय. ते चिन्ह जपानचे डिझायनर युकियो ओता यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस घडवलं. जपानमध्ये त्या दशकात डिपार्टमेंट स्टोअरच्या मोठ्या आगी लागल्या होत्या आणि अक्षरांच्या पाट्या कामी येत नाहीत हे तिथल्या लोकांच्या लक्षात आलं होतं. आज ते आयएसओ ७०१० या सुरक्षा चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. बाहेर पडण्याच्या वाटा आणि दारं हिरवी, अग्निशामक सिलिंडर, होज रील यांची चिन्हं लाल. सोसायटीच्या लोगोला हे दोन रंग वापरू नका, आणि बिल्डरच्या जाहिरातीला त्या पाटीवर जागाच देऊ नका.

पण सगळा भार रंगावर टाकू नये. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं, विशेषतः पुरुष, प्रत्येक मोठ्या सोसायटीत असतात. मुख्य वाट भरीव जाड बाणाने, दुसरी वाट तुटक बाणाने दाखवा. म्हणजे काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्येही फरक राहील. 'तुम्ही इथे आहात' ही खूण नकाशावर सगळ्यात आधी दिसली पाहिजे, इतर कुठल्याही चिन्हापेक्षा मोठी. शब्द कमी ठेवा. मराठी आणि हिंदी असू द्या, कारण पाटी वाचणाऱ्यांत घरकामाच्या मावशी, वॉचमन, ड्रायव्हर, सुतार हे सगळे आहेत आणि दुपारी इमारतीत फ्लॅटमालकांपेक्षा तेच जास्त असतात.

अंधारात चमकणाऱ्या शीटबद्दल: ज्याला आपण रेडियम म्हणतो ती शीट आधी उजेड पिते आणि मग चमकते. पॅसेजचा दिवा सेन्सरवर असेल आणि दिवसभर बंदच राहत असेल तर शीट चमकणार नाही. तिथे बॅटरीवरचा इमर्जन्सी दिवा पाटीच्या वर हवाच.

सेक्रेटरी_बी_विंग

बरं, पटलं. एजीएमला नेतो. पण छापणाऱ्याला सांगायचं काय ते सरळ सांगा. आमच्या दोन विंगा, प्रत्येकी सोळा मजले, मजल्यावर चार फ्लॅट, दोन जिने. किती वेगळे नकाशे?

पट्टी_पेन्सिल

सगळे मजले सारखे असतील तर तुम्ही घाबरता तितके नाहीत. लिफ्टसमोर एकच पाटी लावणार असाल तर ए विंगचा एक मूळ नकाशा आणि बी विंगचा दुसरा. बी विंगचा नकाशा ए विंगचा फक्त उलटा करून काढू नका, कारण फ्लॅट नंबर आणि अक्षरंही उलटी होतात. तो नव्याने काढा. मग प्रत्येक मजल्यावर फक्त मजल्याचा आकडा आणि उभ्या छेदातली भरीव पट्टी बदलते. रेफ्युज मजला आणि तळमजला यांचे वेगळे. तळमजल्याच्या नकाशात गेट, जमायची जागा आणि बंब उभा राहण्याची जागा दाखवा. जमायची जागा बंबाच्या वाटेत नको. बऱ्याच सोसायट्या नेमकी गेटासमोरच ठेवतात.

आकार ए३ ठेवा. ए४ फक्त हॉटेलच्या खोलीच्या दारामागे चालतो. लॅमिनेशन मॅट, चकचकीत नको, ट्यूबलाइटचा उजेड पडला की अक्षरं दिसत नाहीत. भिंतीला स्क्रूने लावा, डबल टेप पावसाळ्यात सुटते. कोपऱ्यात इमारतीचा पूर्ण पत्ता आणि १०१ लिहा, घाबरलेल्या पाहुण्याला फोनवर पत्ता सांगता येत नाही. आणि नकाशा काढल्याचा महिना-वर्ष लिहा, म्हणजे पुढच्या कमिटीला जुना कधीचा ते कळेल.

छापण्याआधी साध्या कागदावर प्रिंट काढून त्या जागी चिकटवा. इमारतीत पहिल्यांदा आलेल्या कोणालाही विचारा, कुरियरवाल्याला, कोणाच्या पाहुण्यांना: "हे बघून दुसऱ्या जिन्याकडे हात दाखवा." हात लगेच आणि बरोबर दिशेला गेला पाहिजे. नाही गेला तर समजावून सांगू नका, नकाशा बदला.

लालबागच्या ताई, तुमचं राहिलं होतं. चाळीसाठी कॉम्प्युटरची गरज नाही. मोठ्या पांढऱ्या कागदावर मार्करने गॅलरी, खोल्यांचे नंबर आणि दोन्ही जिने काढता येतील. गॅलरीच्या दोन टोकांना दोन कागद, प्रत्येक त्या-त्या टोकाकडून बघितल्यासारखा. पण आधी ते कपाट. तुमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची पोरं मनावर घेतील तर ड्रमसुद्धा हलतील.

लालबागची_पोर

मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. कपाट कोणाचं ते कळलं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं आहे. त्या म्हणतात ठेवायला जागा द्या, आजच हलवते. गणेशोत्सवाचं सामान ठेवतो त्या खोलीत जागा होईल असं मंडळाचे सेक्रेटरी म्हणतायत. लाकडी जिन्याच्या खाली मीटर बॉक्स आहेत, तेही नकाशावर दाखवायचे का?

बंबवाला

हो ताई, दाखवा. मेन स्विच कुठे आहे हे आमच्या माणसाला आल्याआल्या लागतं. आणि जिन्याखाली मीटर आहेत म्हणजे आग तिथूनच लागण्याची शक्यता जास्त. अशा वेळी तो जिना वापरता येणार नाही. म्हणून तुमच्या चाळीत संडासाकडचा जिना हीच पहिली वाट धरा, भरीव बाण तिकडे. मीटरजवळ रद्दी, गाद्या, सायकली काही ठेवू देऊ नका.